संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा आदेश कोणाकडे मागावा

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरातील नव्या पेठेतल्या एका ओळखीच्या टॉवेल व्यापाऱ्याने मला दुकानात बोलावून घेतले आणि गल्ल्यावरचा मोबाइल माझ्यापुढे धरला. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य होते, आणि त्याचा अर्थ असा होता की मागितलेला पत्ता भारत सरकारच्या दूरसंचार विभागाच्या निर्देशांनुसार अडवण्यात आला आहे. त्या वाक्यात आदेशाचा क्रमांक, तारीख किंवा कायद्याचे कलम नव्हते, आणि दाद कोठे मागावी याचाही उल्लेख नव्हता. अडवलेले संकेतस्थळ त्या व्यापाऱ्याचे स्वतःचे होते. त्यावर टर्किश टॉवेल आणि चादरींची छायाचित्रे, मापे आणि घाऊक दर यांपलीकडे काहीही नव्हते. “सर, आपण तर टॉवेल विकतो. त्यात अडवण्यासारखं काय आहे?” एवढेच ते विचारत राहिले.

सरकारने इंटरनेटवर सक्तीची गाळणी, म्हणजे यादीतली संकेतस्थळे सर्वांसाठी अडवणारी यंत्रणा, बसवावी की नाही, या प्रश्नावर मुलांच्या रक्षणासाठी सगळे बंद करा म्हणणारे आणि कशालाच हात लावू नका म्हणणारे, असे दोनच सूर सहसा ऐकू येतात. अडवण्याचा प्रत्येक आदेश अन्यायाचा असतो असे मला वाटत नाही. मात्र ज्या आदेशाची प्रत हाती येत नाही, तो योग्य आहे की अयोग्य हे नागरिकाला ठरवताच येत नाही. म्हणून भाषणस्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्याने पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची करावी. ती मागणी सोलापुरात बसून, थोड्या खर्चात आणि मराठीत कशी करता येते, हे मी अनुभवातून येथे सांगत आहे.

आधी खात्री करून घ्या

संकेतस्थळ उघडत नाही म्हणजे ते सरकारनेच अडवले आहे, असे धरून चालू नये. पत्त्याची नोंदणी वेळेत नूतनीकृत न होणे किंवा ज्या यंत्रावर संकेतस्थळ ठेवले आहे ते बंद पडणे, ही कारणे फार वेळा आढळतात. त्यामुळे तोच पत्ता घरच्या ब्रॉडबँडवर, एका कंपनीच्या मोबाइल डेटावर आणि जमल्यास दुसऱ्या कंपनीच्या डेटावर उघडून पाहावा, आणि परगावच्या एखाद्या नातेवाइकालाही उघडायला सांगावे. सगळीकडे बंद असेल, तर दोष बहुधा संकेतस्थळाच्या बाजूला असतो. एका जोडणीवर उघडते आणि दुसरीवर उघडत नाही, असे दिसले तर वाटेत कोणीतरी अडवत असण्याची शक्यता वाढते.

हा फरक पडतो, कारण अडवण्याची पद्धत प्रत्येक सेवा पुरवठादाराची वेगळी असते. नावावरून अंकी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेतच काही पुरवठादार खोटे उत्तर देतात. जोडणी होताना उघडपणे जाणारे संकेतस्थळाचे नाव वाचून काही जण जोडणी तोडतात, तर काही जण तो अंकी पत्ताच बंद करून टाकतात. या शेवटच्या पद्धतीत त्या एका पत्त्यावर राहणारी बाकीची शेकडो संकेतस्थळेही नाहक अडकू शकतात, हे पुढे उपयोगी पडेल. ज्या संकेतस्थळाचा पत्ता https ने सुरू होत नाही, म्हणजे जोडणी कूटबद्ध नसते, तेथे वर सांगितलेले सरकारी वाक्य दिसू शकते. https असेल तर बहुतेक वेळा फक्त जोडणी तुटल्याचा संदेश येतो, आणि सामान्य माणसाला आपण अडवले गेलो आहोत हे कळतही नाही.

पडद्याचे छायाचित्र तारीख आणि वेळेसह जपून ठेवावे, आणि कोणत्या जोडणीवर काय दिसले याची वहीत नोंद करावी. ऊनी प्रोब नावाचे मोफत ॲप हीच तपासणी पद्धतशीर करते आणि निष्कर्षाचा दुवा देते, जो अर्जाला जोडता येतो. मात्र ते निष्कर्ष सर्वांना दिसतील असे प्रसिद्ध होतात, याची जाणीव ठेवूनच ते वापरावे.

आदेश कोणत्या कलमाखाली निघाला असेल

अर्ज लिहिण्यापूर्वी कायद्याच्या वाटा ठाऊक असाव्यात, नाहीतर अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो.

मुख्य वाट आहे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९-अ, जे २००८ च्या दुरुस्तीने आले, आणि त्याखालील २००९ चे नियम. या कलमाखाली केंद्र सरकारलाच आदेश काढता येतो, तोही देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्यास चिथावणी रोखणे, एवढ्याच कारणांसाठी. येथे एक बारकावा आहे. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात हे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी आणि न्यायालयाचा अवमान ही कारणेही आहेत, पण ती कलम ६९-अ मध्ये नाहीत. म्हणजे एखादा मजकूर कोणाला असभ्य वाटला, तरी त्या एका कारणावर या कलमाचा आधार घेता येत नाही.

नियमांनुसार विनंती एका समितीपुढे जाते, मजकूर लिहिणाऱ्याला किंवा मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या कंपनीला, शोधून नोटीस द्यावी लागते, आणि उत्तरासाठी किमान ४८ तासांचा अवधी द्यावा लागतो. तातडीच्या प्रसंगी आदेश आधी निघू शकतो, पण तो ४८ तासांच्या आत समितीपुढे ठेवणे बंधनकारक आहे. पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसून दिलेले आदेश तपासायचे असतात. आणि याच नियमांतील नियम १६ म्हणतो की या सर्व विनंत्या, तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवावी. सगळ्या वादाचे मूळ या शेवटच्या नियमात आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ रद्द केले, तेव्हा कलम ६९-अ मात्र वैध ठरवले. ते वैध ठरले ते याच संरक्षणांमुळे: कारणे ठरावीक आहेत, सुनावणीची तरतूद आहे, आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, जेणेकरून उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट याचिकेने, त्यांना आव्हान देता यावे. ज्या कारणांना आव्हान देण्याची मुभा आहे ती कारणेच बाधित व्यक्तीला दाखवायची नसतील, तर आव्हान कशाला द्यायचे, हा प्रश्न अर्जात आणि अपिलात पुन्हा पुन्हा मांडावा.

दुसरी वाट कलम ७९(३)(ख) ची. हे कलम मुळात मध्यस्थाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाबद्दल आहे, पण अडवण्यासाठीही त्याचा वापर झाला आहे. ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचे पत्र दूरसंचार विभागाने याच कलमाचा आधार घेऊन आणि नीतिमत्ता व सभ्यता हे कारण देऊन पाठवले. टीका झाल्यावर काही दिवसांतच बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर नसलेली संकेतस्थळे अडवण्याची सक्ती नाही, असे स्पष्टीकरण द्यावे लागले. पुढे याच कलमावर, सरकारी खात्यांनी मध्यस्थांना मजकूर काढण्याच्या सूचना पाठवण्याचे ‘सहयोग’ हे पोर्टल उभे राहिले, आणि त्याविरुद्ध एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मात्र माहिती तंत्रज्ञान नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनुसार अशी सूचना किमान सहसचिव दर्जाच्या (असा अधिकारी नसेल तेथे संचालक दर्जाच्या), किंवा पोलिसांच्या बाबतीत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायची आहे, आणि तीत कायद्याचा आधार व मजकुराचा नेमका पत्ता नमूद करायचा आहे. कोणा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने पत्र आले असेल, तर हा मुद्दा लगेच उचलावा.

तिसरी वाट न्यायालयाच्या आदेशाची असते, आणि ती विशेषतः चित्रपटांच्या प्रताधिकाराच्या दाव्यांत दिसते. २०१७ मध्ये जुन्या पुस्तकांचा आणि संकेतस्थळांचा प्रचंड साठा सांभाळणारे इंटरनेट आर्काइव्ह भारतात बंद झाले, ते अशाच एका आदेशाने. येथे खटल्याचा क्रमांक मिळाला की आदेश बहुधा न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडतो.

अर्ज कसा लिहावा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज केंद्र सरकारच्या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे करावा: इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, कारण कलम ६९-अ चे आदेश तेथे निघतात, आणि दूरसंचार विभागाकडे, कारण सेवा पुरवठादारांना निर्देश तेथून जातात. कायद्याच्या कलम ६(१) नुसार अर्ज त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, करता येतो. शुल्क १० रुपये आहे. टपालाने पाठवताना पोस्टल ऑर्डर जोडावी, कारण राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी आपण लावतो ते कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या कार्यालयांना चालत नाहीत. केंद्राकडील अर्ज साधारणपणे ५०० शब्दांत बसवावा. राज्याच्या खात्याला विचारायचे असेल, तर महाराष्ट्राच्या नियमांनुसार १५० शब्द आणि एकच विषय, ही मर्यादा पाळावी लागते.

‘संकेतस्थळ का बंद केले?’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘का’ हे मत मागणे झाले असे म्हणून अर्ज परत येतो. कागद मागावा. त्या व्यापाऱ्यासाठी मी लिहिलेल्या अर्जाचा गाभा असा होता:

“पुढील संकेतस्थळाचे नाव आणि त्याचा अंकी पत्ता यांपैकी कोणताही अडवण्याबाबत आपल्या कार्यालयाने काढलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सर्व निर्देशांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. त्या निर्देशांत नमूद केलेले कायद्याचे कलम, आदेशाची तारीख आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम दर्शवणारा अभिलेख द्यावा. असा कोणताही निर्देश अभिलेखात नसल्यास तसे लेखी कळवावे.”

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे ठरले. त्या संकेतस्थळाच्या नावाने कोणताही निर्देश नसल्याचे दूरसंचार विभागाचे उत्तर आले, आणि त्याच अंकी पत्त्यावरील दुसऱ्या एका संकेतस्थळाबद्दलची माहिती नियम १६ खाली नाकारण्यात आली. म्हणजे निर्देश एकाच्या नावाचा होता आणि सेवा पुरवठादाराने सगळे दारच लावून टाकले होते. ते उत्तर जोडून पुरवठादाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग अपील अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केल्यावर संकेतस्थळ पूर्ववत झाले. दरम्यान यात्रेचा हंगाम गेला होता, आणि बाहेरगावच्या दोन घाऊक ग्राहकांनी दुसरीकडे माल घेतला होता.

नकार आला तर

बहुतेक वेळा मंत्रालय नियम १६ आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(क), म्हणजे देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती न देण्याची सूट, पुढे करून माहिती नाकारते. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करावे. अर्जाला ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर तोही नकार समजून त्या मुदतीच्या अखेरीपासून ३० दिवसांत अपील करावे. अपिलात मोजके मुद्दे नीट मांडावेत. नियम १६ हा दुय्यम विधानाचा, म्हणजे कायद्याखाली सरकारने केलेल्या नियमांचा, भाग आहे, आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम २२ त्या कायद्याला विसंगत तरतुदींवर वरचढ ठरवते. आदेशातील काही भाग गोपनीय असलाच, तर कलम १० नुसार तो झाकून बाकीचा द्यावा लागतो. माहिती नाकारण्याचे समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर असते. आणि संकेतस्थळाचा मालक स्वतः अर्जदार असेल, तर कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे हे प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. पहिल्या अपिलाचा निर्णय आल्यावर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

मालकाची बाजू वाचकापेक्षा भक्कम असते, हे ध्यानात घ्यावे. हुंड्याची थट्टा करणारे ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ हे संकेतस्थळ २०१८ मध्ये अडवले गेले. ते चालवणारे पत्रकार तनुल ठाकूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना आदेशाची प्रत आणि सुनावणी देण्यास सरकारला सांगितले. विडंबनाचा अर्थ फाइलवर सही करणाऱ्याला उमगला नाही, तरी ते लिहिणाऱ्याला तो समजावून सांगण्याची संधी मिळालीच पाहिजे.

संपूर्ण जिल्ह्याचे इंटरनेट बंद झाल्यास मार्ग वेगळा आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात असे घडले. अशा वेळी राज्याच्या गृह विभागाच्या सचिवांचा आदेश मागावा. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानुसार असा आदेश प्रसिद्ध करावाच लागतो आणि तो बेमुदत असू शकत नाही; सध्याच्या २०२४ च्या नियमांत एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे. सोलापुरातून गृह विभागाविरुद्धचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते.

सक्तीच्या गाळणीच्या मसुद्यावर मत लिहिताना

सरकार नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवते, तेव्हा २०१४ च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणाप्रमाणे निदान ३० दिवस मिळायला हवेत. तेथे सामान्य माणसाने लिहून काय होणार, असे म्हणू नये. २०१५ मध्ये इंटरनेट समानतेसाठी, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी यासाठी, ट्रायकडे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे) १० लाखांहून अधिक ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली.

हरकत लिहिताना समोरच्या बाजूचे सर्वांत खरे उदाहरण आधी घ्यावे, आणि आपल्या जिल्ह्याला ते दूर शोधावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षुकीसाठी फिरत होते, आणि त्यांतील बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती. मंगळवेढ्याच्या माणसासमोर उभे राहून ‘इंटरनेटवर काहीच अडवू नका’ असे मला म्हणता येणार नाही. पण त्याच माणसाला हेही सांगावे लागेल की ती अफवा कोणत्याही संकेतस्थळावर नव्हती. ती व्हॉट्सॲपच्या कूटबद्ध संदेशांतून हातोहात गेली, आणि जगातली कोणतीही संकेतस्थळांची यादी तिला अडवू शकली नसती. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या उपायाने कोणाचेही लिखाण यादीत टाकले नाही, फक्त पसरण्याचा वेग कमी केला. म्हणून हरकतीत पहिला प्रश्न हाच विचारावा की ज्या हानीचे नाव घेऊन गाळणी आणली जात आहे, ती हानी या गाळणीतून खरोखर जाते का.

दुसरा मुद्दा यादीचा. ऑस्ट्रेलियात मंत्री स्टीफन कॉन्रॉय यांनी सर्व सेवा पुरवठादारांवर सक्तीची गाळणी बसवण्याची योजना पुढे रेटली होती. त्या काळी तेथील नियामकाकडे असलेली गुप्त यादी मार्च २००९ मध्ये विकिलीक्सवर फुटली, आणि तीत क्वीन्सलँडमधील एका दंतवैद्याचे संकेतस्थळ निघाले. यादी फुटली नसती, तर त्या चुकीबद्दल विचारणारा कोणी नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये योजना सोडून देण्यात आली. तरीही एप्रिल २०१३ मध्ये तेथील कंपनी नियामकाने फसवणुकीचे एक संकेतस्थळ बंद करण्यासाठी दूरसंचार कायद्यातील जुन्या कलमाखाली अंकी पत्ता अडवायला लावला आणि १,२०० संकेतस्थळे एकदम बंद पडली, त्यांत मेलबर्नमधील मोफत शिकवणाऱ्या एका संस्थेचेही होते. नव्या पेठेतल्या त्या दुकानात घडले ते हेच. म्हणून हरकतीत अशी मागणी नेमकेपणाने लिहावी: अडवणे पत्त्याच्या पातळीवर न करता विशिष्ट मजकुरापुरते करावे, यादीतील प्रत्येक नोंदीचे कलम आणि तारीख प्रसिद्ध करावी, आणि बालशोषणाच्या मजकुरासारख्या ज्या नोंदींचे पत्ते छापणेच घातक, त्यांची संख्या तरी द्यावी, पडद्यावर येणाऱ्या सूचनेत आदेश क्रमांक आणि अपिलाचा पत्ता असावा, आणि प्रत्येक आदेशाला मुदत असावी.

तिसरा मुद्दा शब्दांचा. मसुद्यातील व्याख्या वाचताना प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी आणि ते ठरवणार कोण, हे पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी आणि त्याला दिलेल्या पसंतीसाठी अटक झाली, तेव्हा कलम ६६-अ मधील ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द कोठवर ताणता येतात हे उभ्या महाराष्ट्राने पाहिले. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे हे सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाने ठरवायचे होते. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. हरकतीत या दोन प्रकरणांचा उल्लेख करावा.

सोलापुरातून हरकत पाठवणाऱ्याला आणखी एक गोष्ट लिहिता येईल. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांतील कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत होते. ज्या शहरात चौकातील या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपैकी एक संपादकाचा आहे, त्या शहराने छापलेला शब्द कोणाच्या सहीने अडतो हे विचारणे स्वाभाविक आहे, एवढे एक वाक्य पुरते. इतिहासाचे भाषण करू नये, कारण हरकत वाचणारा अधिकारी मुद्दे मोजत असतो.

न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आहे, त्यामुळे रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. वकिलांकडे जाताना पडद्याचे छायाचित्र, वेगवेगळ्या जोडण्यांवरील तपासणीची वही, दोन्ही खात्यांकडील अर्ज, त्यांची उत्तरे, अपिलांचे निर्णय आणि सेवा पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून न्यावा. त्या व्यापाऱ्याची फाइल अजून बंद झालेली नाही: ज्या शेजारच्या संकेतस्थळामुळे त्यांचे दार लागले, त्याच्या आदेशातील कलम आणि तारीख मागणारे दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगापुढे आहे, आणि सुनावणीची तारीख लागली की टॉवेलचे दुकान एक दिवस बंद ठेवून ते स्वतः हजर राहणार आहेत.